फौज चाललीय

बोलता बोलता बाई मध्येच हात आडवा धरायच्या. "थांबा, फौज चाललीय." आपण खाली पाहावं, तर मातीतून तांबूस, बारीक मुंग्यांची दाट रांग सरकत असायची. ती संपेपर्यंत बाई हलायच्या नाहीत, मग कॉलेजची घंटा झाली तरी.

लोणावळ्याच्या एका कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. ईदला कामशेतला भावाकडे गेल्या की लग्नाचा विषय निघायचा. "एवढा मोठा संसार आहे की माझा," त्या म्हणायच्या. संसार म्हणजे या लष्करी मुंग्या. यांना डोळे नसतात, वासावर चालतात. कायमचं वारूळही नसतं. दुसऱ्या मुंग्यांवर धाड घालायची, त्यांची पिल्लं खायची, की मुक्काम हलवायचा. मुक्कामाला एकमेकींचे पाय धरून त्यांचाच गोळा होतो आणि आत राणी राहते. ती राणी मात्र बाईंना कधीच दिसली नव्हती. तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, ज्याचं मागणं एवढंसंच असतं.

पुढे पुढे तो हात आडवा येईनासा झाला. बाईंची नजर अधू होत चालली होती.

अशात लोणावळ्याजवळच औंढ्याला, आमच्या गोठ्यामागं फौज निघाल्याचं कळलं. मी बाईंना घेऊन गेले. माझे चुलते, आबा, फवारणीचा पंप पाठीला लावून उभेच होते.

"वासराला डसल्या म्हंजी, बाई?"

"वासरू नको त्यांना, आबा. सगळ्या एकाच दिशेनं चालल्यात ना?"

"व्हय."

"मग मुक्काम हलवतायत. संध्याकाळपर्यंत राहू द्या."

आबांनी पंप उतरवला, पण हाताशी ठेवला. बाई गोणपाटावर बसून राहिल्या. ऊन कलताना रांग एकदम जाड झाली. बाई वाकल्या, चष्मा पुसला, पुन्हा वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "आबा, मला दिसत नाहीये. तुम्ही सांगाल?"

आबा गुडघ्यांवर बसले.

"आली बगा. लय मोठी हाय. पंख न्हाईत. बाकीच्यांनी अंगावर चढून पार झाकलीय."

"पोट?"

"लांबोडकं. चालाया जड जातंय तिला."

"कुठवर गेली?"

"दगडापाशी. आता गवतात शिरली."

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या.

बाईंना जाऊन आता बराच काळ झाला. परवा आबांचा फोन आला. "गोठ्यामागं रांग निघालीय. बाईंना घिऊन..." म्हणता म्हणता ते थांबले. पलीकडे गाय हंबरत होती.

"असू दे," ते म्हणाले. "मी बसलोय हितं."