दसऱ्याला उभं केलेलं लोखंड

आबा गेले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला अंगठा आणि एकच बोट होतं.

आज माझ्या वडिलांची, आबांची पुण्यतिथी. सकाळी फोटोला हार घालताना नातीने विचारलं, "आजी, पणजोबांची बोटं मशीनमध्ये गेली ना?"

मशीनमध्ये नाही गं बाई. पूजेत गेली.

म्हणून ही पोस्ट. बोलतेय मी, टाईप करतेय नात. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या. मी शाळामास्तरीण होते, माझ्या खपवून घेतल्या जाणार नाहीत.

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात धुळ्याहून ट्रॅक्टर आला. माणसं बैल सोडून तो बघायला यायची. घरचे कर्ते नाना, आबांचे थोरले भाऊ. पण ट्रॅक्टर चालवायचे आबा.

ट्रॅक्टरबरोबर लोखंडाची वजनं आली होती. गोल, जाडजूड, मध्ये भोक. काळ्या रानात नांगर खोल गेला की ट्रॅक्टरची मागची चाकं जागीच फिरायची, म्हणून ती त्या चाकांना लावायची. नांगरणी संपली की काढून ठेवायची.

घरात आम्ही त्यांना जातं म्हणायचो. दळत मात्र काही नव्हतं.

आबांचा त्या जात्यांवर फार जीव. जीव म्हणजे धाक. हलवायचं तर खाली बाभळीचे ओंडके सारून, पहारीने हळूहळू. उचलायचं नाही. ठेवायचं तर फळ्यांवर आडवं. भोवती बोरीचे काटे, म्हणजे पोरं जवळ जायला नकोत.

जातं पडायला लागलं तर काय करायचं, हे गड्यांना सांगताना आवाज चढायचा. "पडी राहिनं तं पडू द्या! हात घालू नका, बाजूले व्हा. लोखंड मोडत नही, हात मोडस."

हे वाक्य घरातल्या पोपटालाही पाठ झालं असतं. पोपट नव्हता, मी होते.

मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला सगळी अवजारं धुऊन, भिंतीला टेकवून पूजतात. मायने सकाळीच छपरी शेणाने सारवली. वखर, तिफण, कुऱ्हाडी, विळे, सगळं रांगेत उभं राहिलं. जातं तेवढं कोपऱ्यात आडवं.

नाना आले आणि थबकले. "देवले आडा पाडीसन पूजा करतस का रे?"

आबा हळूच म्हणाले, "नाना, पडेल शे ते आखो कथं पडी? राहू द्या ना." पडलेलं आणखी कुठे पडणार, असं त्यांचं म्हणणं.

"बठ्ठा अवजारं उभा शेतस, हाई एकटंच झोपेल का? वरीसभर आपलं पोट भरस ते!"

थोरल्या भावापुढे दुसऱ्यांदा बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. आबांनी गडी बोलावले. एक वजन भिंतीशी उभं केलं, दोन्ही बाजूंनी खाली मोठे दगड घट्ट बसवले. हलवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग मायकडून आरतीचं ताट आणायला आत गेले.

तेवढ्यात नानांना नारळ फोडायचा होता. दगड कुठे शोधायचा? समोरच तर होता. त्यांनी वजनाखालचा एक दगड ओढून काढला आणि त्याच्यावर नारळ फोडला.

यात त्यांना काही चुकलंसं वाटलंच नाही. देवापुढचाच दगड, देवाच्याच नारळाला वापरला.

नारळाचं पाणी ओल्या सारवणावर सांडलं. नाना गुडघ्यावर बसले, डोकं जमिनीला टेकवलं.

आणि लोखंड घरंगळलं.

फारसा आवाजही झाला नाही. ते थोडं बाजूला सरकलं, गिरकी घेतल्यासारखं वळलं आणि नानांच्या मानेवर झुकायला लागलं. मी दारात होते. माझ्या मागून आरतीचं ताट घेऊन आबा बाहेर आले.

आबांच्या हातातलं ताट खाली पडलं. डाव्या हाताने त्यांनी नानांच्या बंडीला धरून त्यांना मागे ओढलं आणि उजवा हात लोखंडाला लावला.

नाना वाचले. उजवा हात वजनाखाली, नारळाच्या दगडावर सापडला.

बैलगाडीतून धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. वाटभर नाना स्वतःच्या पागोट्यात गुंडाळलेला तो हात मांडीवर घेऊन बसले होते. आबा कण्हायचे, आणि नाना दरवेळी "हाऊ बठ्ठा मनाच दोस", सगळा दोष माझाच, एवढंच म्हणायचे. डॉक्टरांनी तीन बोटं काढली.

नंतरचं मला जास्त आठवतं.

नाना म्हणजे पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः न उचलणारा माणूस. ते रोज दोन्ही वेळा आबांच्या ताटाशी बसायला लागले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर बारीक कुस्करायची, वर आमटी ओतायची, कालवून ताट पुढे सरकवायचं. आबांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बायको-पोरांसमोर थोरला भाऊ घास कालवतोय!

"बस ना नाना, मी डावा हातवरी खास."

"गप खाय."

जखम भरली तरी नाना उठायचे नाहीत. शेवटी आबांनी नाद सोडला. आम्हा पोरींना हसू यायचं, माय डोळे वटारायची.

खूप वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, एकदा धीर करून विचारलं. "आबा, तुम्हीच बठ्ठासले सांगेत ना, पडी राहिनं तं हात घालू नका? मंग तुम्ही कसाले धरं?"

वर्गातल्या ढ पोरीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"लोखंड कोन धरं वं? मी तं भाऊले धरं."

आबा, नाना, दोघांनाही तुमच्या लेकीचा वाकून नमस्कार.