थुंकी परत मिळेल काय?

चहा ओता आधी, मग सांगतो. गाढवपणा करायला शिक्षण लागत नाही म्हणतात, पण मी जो केला त्याला बी.एस्सी., बी.एड. आणि उभा जन्म विज्ञान शिकवणं लागलं. अडाणी माणसाला तो जमलाच नसता.

दोन हजार सात-आठचा सुमार असेल. मी नुकताच रिटायर होऊन हुबळीत विद्यानगरच्या घरी बसलो होतो. रिटायर झालेल्या मास्तराचे काय हाल असतात, ठाऊक आहे? जन्मभर समोर पोरांनी भरलेला वर्ग, आणि एका सकाळी समोर फक्त तुळशीची कुंडी. मी तिलाही प्रकाशसंश्लेषण समजावून सांगितलं. तिनंही लक्ष दिलं नाही.

अशातच आमच्या समाजाच्या हॉलमध्ये बेंगळूरच्या एका कंपनीनं शिबिर ठेवलं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, बस्स. त्यावरून पुढं कुठला आजार होण्यासारखा आहे ते कळतं म्हणे. तपासणी फुकट, वर एक थर्मास. उद्घाटनाला विज्ञानाचा कुणी माणूस हवा म्हणून मला बोलावलं. मी डीएनएवर मनसोक्त बोललो. थर्मास भाषणानंतर वाटणार होते, त्यामुळं एकही माणूस उठला नाही. टाळ्यांच्या भरात पहिली काडी माझ्याच तोंडात गेली. सही कशावर केली, वर काय छापलं होतं, ते मला विचारू नका. वाचलं असतं तर आज तुम्हाला सांगायला काही उरलंच नसतं.

माझा थोरला भाऊ अण्णा. जुन्या हुबळीत त्याचं खणांचं आणि इरकल साड्यांचं दुकान. त्यालाही मी ओढत नेलं होतं. काडी बघून तो मागं सरकला.

"मी नाही बाबा देत."

"अण्णा, नुसती थुंकी आहे की."

"असू दे की. घरातलं घरात राहू दे."

वहिनीही त्याच पंथातली. विंचरताना गळलेले केस, कापलेली नखं, सगळं कागदात बांधून कुणाच्या हाती लागणार नाही असं टाकायची. त्यांची एकुलती एक मुलगी वैजू. तिची पत्रिका तर देव्हाऱ्यात, कुलूपच काय ते नव्हतं. स्थळाची सगळी चौकशी झाल्यावरच ती बाहेर निघायची, आणि नाही जमलं तर वहिनी माणूस पाठवून परत मागवायची. दुसऱ्याच्या घरी आपल्या पोरीची पत्रिका राहू द्यायची नाही म्हणजे नाही. मी या सगळ्याला हसायचो. त्या दिवशी तर भर हॉलमध्ये अण्णाकडं बोट दाखवून म्हणालो, "हे बघा, याला म्हणतात अंधश्रद्धा." लोक हसले. अण्णाही हसला बिचारा, आणि त्यानं उजवा हात खिशात घातला.

खिशात का, ते मला ठाऊक होतं. तो हात कापायला लागला होता. आमच्या वडिलांचाही कापायचा. शेवटी शेवटी त्यांना घास तोंडापर्यंत नेता येईना. घरात सगळे त्याला वात म्हणायचे आणि विषय बदलायचे. अण्णा दुकानात खण मोजताना लोखंडी गज कोपरानं दाबून धरायचा, म्हणजे हात हललेला दिसत नसे. वैजूचं लग्न पार पडेपर्यंत हे चारचौघांत जाऊ नये, एवढंच त्याचं देवाकडं मागणं होतं. आणि हे बाहेर फक्त एका माणसाला माहीत होतं. तो माणूस आत्ता तुमच्यासमोर बसून चहा पितोय.

महिन्याभरानं घरचा फोन वाजला. पलीकडं एक गोड आवाजाची मुलगी.

"चेन्नागिदीरा सर?"

आपल्याकडं खुशाली विचारताना माणूस "आराम?" म्हणतो. हे चेन्नागी-बिन्नागी म्हणजे बेंगळूरचं कन्नड. मी ताडलं, कंपनीच्या डॉक्टरीणबाई. तिनं डॉक्टर असल्याचं सांगितलं नव्हतं बरं का. ते मीच ठरवलं.

"तुमच्या नमुन्यात थोडं काहीतरी दिसतंय, सर. घाबरू नका. घरात कुणाचे हात कापतात काय?"

आता शहाण्या माणसानं काय करावं? तू कोण, कुठली, तुला कशाला पाहिजे, एवढं तरी विचारावं. पण किती दिवसांनी कुणीतरी मला प्रश्न विचारत होतं. आणि उत्तर संपेपर्यंत थांबत होतं! मी खुर्ची ओढून बसलो. वडिलांचं सांगितलं, घासाचं सांगितलं. अण्णाचं सांगितलं. तो गज कसा दाबतो, कुठल्या कोपरानं, तेही सांगितलं.

"त्यांना मुलं, सर?"

"एकच मुलगी. स्थळं बघतोय."

"नाव?"

नाव सांगितलं. स्पेलिंगसकट.

पुढंही तिचे फोन आले. फोनची वेळ झाली की मी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. बायको विचारायची, "फोनला शर्ट कशाला?" मी म्हणायचो, "बेंगळूरला माझ्या प्रकृतीची काळजी आहे, तुला काय कळणार?" तिला खरंच काही कळलं नव्हतं. पण मला तरी काय कळलं होतं?

मध्यंतरी वैजूला धारवाडचं स्थळ आलं. मुलगा कॉलेजात शिकवणारा, माणसं साधी. वहिनीनं पत्रिका बाहेर काढली, देवापुढं ठेवली, मग दिली. जुळली. मुलाला वैजू आवडली, वैजूला मुलगा आवडला. अण्णानं दुकानातली सगळ्यात चांगली इरकल बाजूला काढून ठेवली. सुपारी फोडायची तेवढी बाकी होती.

आणि एका दुपारी मुलाचे मामा माझ्या दारात. हे विद्यानगरातच एका विमा कंपनीत साहेब होते. मला वाटलं, मुहूर्ताचं बोलायला आलेत. मी बायकोला शिरा करायला सांगितला. मामा काही शिऱ्याकडं बघेनात.

"सर, तुम्ही शिकलेले, म्हणून आधी तुमच्याकडं आलो," ते म्हणाले. "तुमच्या घराण्यात तो हात कापायचा आजार आहे."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच की."

माझा चमचा हातातच राहिला.

"आमच्या ऑफिसला त्या शिबिरवाल्या कंपनीकडनं माहिती येते," मामा म्हणाले. "आमच्या बेंगळूरच्या मुलींनी तुम्हाला फोन केले होते. विम्यासाठी चौकशी असते ती. परवा भाचा विम्याचं विचारत होता, होणाऱ्या बायकोच्या नावानं. मी कॉम्प्युटरात मुलीचं नाव घातलं तर सगळं समोर आलं."

"अहो, पण थुंकी माझी आहे. अण्णानं दिलीच नाही."

"रक्त एकच की सर. आणि बाकीचं तुम्ही बोललाय."

मामा वाईट नव्हते. जाताना त्यांचेही डोळे भरले होते. त्यांनी पिशवीतून वैजूची पत्रिका काढून माझ्या हातात दिली, जशी नेली तशी, घडीही न मोडता. रीत पाळली त्यांनी.

मी ती घेऊन दुकानात गेलो. अण्णा गिऱ्हाइकाला खण मोजून देत होता. गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं सांगितलं. त्यानं मला एक शिवी तरी द्यायची होती. दिली नाही.

"सदू, मी थुंकी दिली नव्हती की रे."

"नव्हतीस दिली."

"मग माझं कसं कळलं?"

बापाकडून अर्धं, आईकडून अर्धं, एका बापाच्या पोरांत बरंचसं सारखं. हे मी वाटाण्याची चित्रं काढून पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शिकवलं होतं. थोरल्या भावाला सांगायला तोंड उघडेना. अण्णानं गजावरचा कोपर उचलला आणि हात उघडाच गादीवर ठेवला. तो कापत होता. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो.

"आता लपवून कुणाचं भलं होणार आहे," तो म्हणाला. पुढं त्यानं दुकानात बसणंच सोडलं. लोक खण बघायच्या आधी हात बघायला लागले होते.

वैजू माझ्यावर ओरडली नाही. चहा गाळता गाळता एवढंच म्हणाली, "काका, बाबांचं मला माहीत होतं. पण माझ्यात ते आहे की नाही, हे मला जाणून घ्यायचं नव्हतं. तुम्ही परस्पर लोकांना विचार करायला लावलंत." आणि तिनं कप दिला तो दोन्ही हातांनी धरून. त्या दिवसापासून ती कप तसाच धरते. तिचे हात अगदी स्थिर आहेत हो. तरी तसाच धरते.

मला झोप येईना. मग एक विचार सुचला, आणि मला विचार सुचला की काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. पत्रिका परत मागता येते, मग थुंकी का नाही? त्या शिबिरवाल्या कंपनीनं विद्यानगरात ऑफिस उघडलं होतं. वैजूला म्हणालो, "मला सोड तिथं. सगळं निस्तरतो." ती बिचारी स्कूटी घेऊन खाली थांबली. मी जिना चढलो. काउंटरवर एक नम्र तरुण.

"काय पाहिजे सर?"

"थुंकी. माझी. परत."

त्यानं एकदा दारावरच्या वॉचमनकडं बघितलं.

"ती इथं नसते सर. बेंगळूरला जाते. तिथनं परदेशात."

माझा साधा पासपोर्ट नाही, आणि माझी थुंकी परदेशात! मी विचारलं, "येणार कधी?"

"ती येत नसते सर."

"मग माझ्या नावावर जे काही आहे ते पुसा. आत्ताच्या आत्ता. माझ्या पुतणीचं नाव तर आधी पुसा."

"पुसता येतं की सर. पण तुम्ही तेच कशावरनं?"

मी पेन्शनरचं ओळखपत्र त्याच्यापुढं आपटलं. तो हळू आवाजात म्हणाला, "कार्ड कुणाचंही असतंय सर. उद्या दुसऱ्याचंच पुसलं गेलं तर? नियम आहे. जुळवून बघावं लागतं."

आणि मला ते पटलं हो. पडताळणीशिवाय विज्ञान कसलं? मी तर त्याची पाठ थोपटली. त्यानं खालचा ड्रॉवर उघडला आणि म्हणाला, "आ करा सर."

मी छाती काढून खाली उतरलो. वैजू स्कूटीला टेकून उभी होती.

"झालं काम?"

"झालं. सगळं पुसतो म्हणाला."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा थोडीशी हसली. स्कूटी सुरू करणार तोच थांबली, आणि माझ्या तोंडाकडं निरखून बघायला लागली.

"काका," ती म्हणाली, "ओठाला कापूस कसला चिकटलाय?"