मामानं इमान इकलं

आमच्या मामाच्या तोंडात 'विमान' हा शब्द कधी आलाच नाही. तो म्हणायचा 'इमान'. गुंदच्या घरापासून रामनगरच्या वखारीपर्यंत सगळे त्याला इमानमामाच म्हणत. लाकडाच्या धंद्यात चार पैसे आले तेव्हा लोकांनी बंगले बांधले. या पठ्ठ्यानं दोन माणसांचं जुनं विमान घेतलं आणि खानापूरकडच्या माळावर एका खासगी धावपट्टीच्या शेडात ठेवलं. ते गावावरून घरघरत गेलं की भात कापणाऱ्या बायका कंबर सरळ करून ओरडायच्या, "गेलं बघ इमान!"

मामी मात्र त्यात कधी बसली नाही. उळवीच्या जत्रेहून आलं की मामा दरवर्षी तिच्या मागे लागायचा, "एकदा तुझा कुंभारवाडा वरनं बघ गं!" ती म्हणायची, "तुमचं इमान तुमच्यापाशी. माझं पाय भुईवर बरं हाईत." मग तिला आजार जडला, डॉक्टरांनी हात टेकले. एका सकाळी ती आपणहून म्हणाली, "औंदा येतो मी. दावा माझं माहेर."

आणि नेमकं तेव्हाच विमान जमिनीला खिळलेलं! उडण्यालायक असल्याची तपासणी, विमा, शेडाचं भाडं, विमान चालवणारा म्हणून मामाची स्वतःची डॉक्टरी तपासणी, सगळ्याचा खर्च दरवर्षी वाढतच चाललेला. इंजिनाचा एक भाग परदेशातून यायचा. त्यावर आयातीचा कर, त्या करावर आणखी कर. भाग आला तोवर विमा संपला, विमा भरला तोवर तपासणीची मुदत गेली. "एक कागद जिता हुईस्तोवर दुसरा मरतोय," मामा म्हणायचा. अर्धी वखार त्यात गेली. लोक म्हणायचे, विमान परवडतं त्याला कर परवडेल की! एकदा तो विमान खात्याच्या साहेबाशी फोनवर बोलताना चक्क रडला, "सायेब, मला धंदा करायचा न्हाई. बायकोला एकदा वर न्यायचंय. एकदाच." पलीकडचा माणूस काही वाईट नव्हता. नव्यानं अर्ज करा म्हणाला.

मला भयंकर संताप यायचा. "उडव की तसंच! या रानात कोण बघतंय?" मी म्हटलं. मामा माझ्यावर खेकसला, "कागदाबिगर उडवलं तर त्ये इमान कसलं गं?"

शेवटी शेड सोडावं लागलं. एका कॉलेजनं मुलांना दाखवायला म्हणून विमान घेतलं. चहाच्या टपरीवर कुणीतरी सहज बोललं, "मामानं इमान इकलं." बिचाऱ्यानं घडलं तेच सांगितलं होतं; पण मामा अर्धा चहा टाकून उठला. "इकलं न्हाई गं," घरी येऊन मला म्हणाला, "मला राखता आलं न्हाई."

पंख सोडवून विमान ट्रकवर चढवलं, तेव्हा मामानं ट्रकवाल्याच्या हातापाया पडून ते गुंदला आणवलं. मामीला आम्ही उचलून आत बसवलं. अंगात काही उरलंच नव्हतं तिच्या. मामा शेजारी बसला, तिचा पट्टा आवळला आणि म्हणाला, "मीट डोळे." मग तो सांगत सुटला. ही काळी नदी, ही रानं, हा आला तुझा कुंभारवाडा.

"आई दारात हाय?" मामीनं विचारलं. तिची आई जाऊन वर्षं झाली होती.

"हाय की. वर बघत्या."

ट्रकवाला खाली उभा राहून घड्याळ बघत होता. मामीनं डोळे उघडले नाहीत. मामाचा हात घट्ट धरून ती म्हणाली, "आजून थोडं फुडं न्या की."