साडूची मगर

"मी हितं न्हाईच! मी तर हितं हुबी हाय!"

वॉटर पार्कच्या गेटातून नुकतीच आत आलेली एक म्हातारी माझ्या नकाशावरच्या लाल ठिपक्यावर बोट आपटत ओरडत होती. ठिपक्याखाली मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आपण येथे आहात'. तिच्या आवाजानं शेजारच्या उसातले बगळे जे उठले ते थेट कोयनेच्या धरणावर जाऊन बसले.

"आजी, त्यो ठिपका म्हंजी तुमीच," मी म्हणालो.

"मी टिकलीयवढी? आन् माजी नातवंडं कुटं हायती? सून कुटं हाय?"

एवढं बोलून ती शेजारच्या नकाशाकडं वळली, पदर खोचून उकिडवी बसली आणि खुदकन हसली. "आगं बया, मगर बगा की!"

ती मगर माझ्या साडूनं काढली होती.

पार्क कऱ्हाडजवळ, हायवेला लागून. मालक विट्याचे. उभा जन्म दक्षिणेत सोनं गाळण्यात गेला आणि परत येऊन त्यांनी माळावर एवढं पाणी ओतलं की महाबळेश्वरच्या ढगांनाही कमीपणा वाटावा. त्यांना दोन नकाशे हवे होते. "सहलीच्या पोरास्नी येक, फॅमिलीला येक. दिवाळीच्या सुट्टीत दोनी गेटात ठिवू. लोकं ज्येच्याम्होरं थांबत्याल, त्यो हायवेच्या कमानीवर लावायचा. खाली काढणाऱ्याचं नाव, दिव्यासकट."

दिव्यासकट! सातारा-सांगलीतला प्रत्येक एसटी ड्रायव्हर माझं नाव वाचत जाणार होता. मी त्याच दिवशी नवा शर्ट शिवायला टाकला.

फॅमिलीचा नकाशा माझ्याकडं आला आणि पोरांचा साडूकडं. हे रास्तच होतं. मी फौजेत नकाशावाचन शिकवत असे. माझ्या नकाशावरून आमच्या पलटणीतलं एका डोळ्यानं अधू खेचर बर्फातून बरोबर चहाच्या वेळेला परत यायचं. साडू सांगलीत वाढदिवसाचे फ्लेक्स करतो. गल्लीतल्या कार्ट्याला गॉगल घालून वाघाशेजारी बसवायचं, ही त्याची विद्या.

मी पार्क पावलांनी मोजला, चौकोन पाडले, उत्तर वर ठेवली. साडूनं काय केलं? मोठ्या घसरगुंडीची मगर केली, आ वासलेली. आकाशपाळणा लिंबाएवढा आणि वडापावचा गाडा हत्तीएवढा. संडास तर असा रंगवला होता की लोकांनी त्याचं भाडं विचारावं. वर तो बोर्ड त्यानं पोरांच्या छातीच्या उंचीवर ठोकला.

"ह्यात प्रमाण कुटं हाय?" मी विचारलं.

"पाव्हणं, पोराला भूक लागली की गाडा मोठाच दिसतो," तो म्हणाला. "आन् आईला संडास."

"आई तुज्या नकाशात न्हाई. आई माज्या नकाशात हाय."

"मग ऱ्हाऊ द्या की," असं म्हणून तो हसला. त्याचं हसूसुद्धा फ्लेक्सवर छापल्यासारखं रुंद.

सुट्टी सुरू झाली आणि माझ्या पोटात जे पेटलं त्यावर साखर कारखान्याचे चार बॉयलर आरामात चालले असते. डॉक्टर, सरपंच, पोटाचा घेर सावरणारे फौजदार, जिल्ह्यातली निम्मी वजनदार माणसं साडूच्या बोर्डापुढं उकिडवी बसलेली! नवरा-नवरी मगरीच्या जबड्यात डोकं घातल्यासारखा फोटो काढत होती. माझ्या नकाशाला लोक पाठ टेकून बूट काढत होते. जे थोडे वाचायचे, ते लाटांच्या तलावाला म्हणून निघायचे आणि जनरेटरपाशी पोचायचे. कारण आत येणाऱ्याचं तोंड दक्षिणेला, माझी उत्तर वर. माझ्या कागदावरचं उजवं त्यांच्या डाव्या हाताला. पण उत्तर ही उत्तर असते. वळायचं तर माणसानं वळावं.

घरी बायको म्हणाली, "पाव्हण्यांचा हात बाई सोन्याचा."

"आन् माजा नकाशा?"

"रेषा सरळ हायती."

त्या दिवसापासून मला साखर कडू लागायला लागली. बरणीत साडूनंच काहीतरी मिसळलं असेल, असंही मनात येऊन गेलं.

मग मी डाव टाकला. मालक पाहायला येणार होते त्या रविवारी आमच्या गावचे सगळे पेन्शनर जीपमध्ये कोंबून आणले. प्रत्येकाला बजावलं, माझ्या नकाशापुढं उभं राहायचं, माना डोलवायच्या. बस्स. आमच्या गावात घरटी एक फौजी, त्यामुळं गर्दी अशी झाली की मला धन्य वाटलं. मालकांची गाडी आत शिरली, आणि नेमके तेव्हाच आमचे सुभेदार चष्मा पुसत म्हणाले, "गड्या, ही उत्तर कुठली? खरी, ध्रुवाकडची, का कंपासच्या काट्याची?"

संपलं. फौजी माणसापुढं नकाशा ठेवला तर तो नुसती मान डोलवेल, हे मला वाटलंच कसं?

"खरी हाय!"

"न्हाई, ही कंपासची!"

"आवं सुभेदार, तुमी तोफखान्यातलं, तुमास्नी काय कळतंय?"

आवाज इतके चढले की आकाशपाळणा आपोआप थांबला. फॅमिल्यांना माझा बोर्ड दिसेना, त्या निमूट मगरीकडं सरकल्या. शेवटी सुभेदारांनी पैज लावली आणि सगळी पलटण माझ्या नकाशावरून लाटांचा तलाव शोधायला कूच करती झाली. ती कुंपण ओलांडून उसात शिरली. तिथून त्यांच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

मालक मात्र साडूच्या बोर्डापुढं उकिडवे बसले होते. साडू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी दाखवत होता. खांद्यावर!

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच फोन लावला. "मालक, माज्या नकाशाचं काय ठरलं?"

"जनरेटरच्या खोलीत लावलाय. इलेक्ट्रिशनला लय उपेगी पडतोय."

"आन् साडूचा?"

"कमानीवर."