अकोल्यापर्यंतच्या ओट्या

नांदगाव पेठेहून आम्ही तिघी निघालो तेव्हा आमच्या झेंडूच्या मळ्यावर अजून धुकं होतं. शोभाताई पुढं, कमल मध्ये आणि मी मागं. शोभाताई गावची अंगणवाडी सांभाळते, कमलच्या घरी कापसाची शेती आहे. तिघींनी सायकलवर लोणारला जाऊन सरोवर पाहून यायचं, असं ठरलं होतं. माझ्या मालकांना ते पटलं नव्हतं.

"उद्या दिवे लागायच्या आत अकोल्याले पोचल्या तर समोर जा," निघताना ते म्हणाले होते. "नाई पोचल्या तर मी जठारपेठेत टेम्पो घेऊन उभा राहीन. सायकली टाकतो अन् घरी आनतो."

मी नुसती मान हलवली. मला चारचौघांत बोलता येत नाही. चौथीपर्यंत शिकले, पण बाईंनी प्रश्न विचारला की पाटीकडं बघत बसायची. म्हणून हे सगळं वहीत लिहिते आहे.

बडनेऱ्याच्या पुढं रस्ता सरळ झाला. दोन्हीकडं काळी जमीन आणि फुटलेला कापूस. वेचणाऱ्या बाया आम्हाला पाहून उभ्या राहत. "कुठी चालल्या वं माय?" एकीनं विचारलं. "लोनारले!" कमल ओरडली. "एस्टी बंद हाय काय?" त्या साऱ्या हसत सुटल्या.

घोळ झाला तो कमलच्या सोयऱ्यांमुळं. तिचं माहेर मूर्तिजापूरकडचं, त्यामुळं लोणीला आत्या, पुढच्या फाट्यावर मावसबहीण, त्याच्या पुढं चुलतभावाचं घर. फोन आमच्या सायकलींच्या पुढं धावत होते. प्रत्येक ठिकाणी चहा, पोहे, आणि उठायला लागलो की, "ओटी भरल्याबिगर जाऊ देत नाई मी!" ओटीत नारळ, खण आणि ओंजळभर गहू. शोभाताई आणि कमल निदान "राहू द्या" तरी म्हणत. मी काहीच बोलत नसे, म्हणून माझ्या ओटीत दोन ओंजळी पडत.

मुक्काम मूर्तिजापूरला करायचा होता; संध्याकाळी कसंबसं कुरुम गाठलं. तिथं कमलच्या मामेबहिणीनं रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी केली. तिचे सासरे आमच्या सायकली फिरून फिरून पाहत होते.

"आमच्या खापरपनज्याच्या बंडीले चांदीच्या धावा होत्या," ते म्हणाले. (बंडी म्हणजे बैलगाडी, धाव म्हणजे चाकावरची पट्टी.) "तवा साता समुद्रापल्याड लढाई चालू होती म्हने. इथचा कापूस सोन्याच्या भावानं गेला."

"मंग त्या चांदीचं काय झालं, आबाजी?" कमलनं विचारलं.

"वाटेनं घासून गेली. तुमचं रबर बरं."

ते रबर दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरच्या अलीकडं फुटलं. मागचं चाक, माझं. पंक्चरवाल्यानं कॅरियरवरच्या पिशव्या उतरवल्या आणि कपाळाला हात लावला. "बाई, सायकल हाय का किराना दुकान?" टायर बदलायला दुपार गेली.

त्यानंतर आम्ही कुणाकडं पाहिलं नाही. पण बोरगाव मंजूच्या जरा आधी, ऊन कलतं झालेलं, आणि रस्त्यातच कमलची चुलतबहीण वत्सलाबाई उभ्या. हातात ताट, ताटात नारळ. कमलनं सायकल त्यांच्या घराकडं वळवलीसुद्धा. शोभाताई माझ्याकडं पाहू लागली. मला डोळ्यांसमोर टेम्पो दिसत होता.

"ताई," मी वत्सलाबाईंना म्हणाले, आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "आज ओटी नका भरू. चहासुद्धा नको. आज थांबलो तर मला अकोल्याहूनच घरी जावं लागेल. परतताना तुमच्याकडंच मुक्काम करू."

वत्सलाबाईंचा चेहरा पडला. ताट तसंच हातात. मला वाटलं, संपलं, आता ही बाई जन्मात बोलायची नाही.

"मंग उभ्या काहून?" त्या एकदम म्हणाल्या. ताट पारावर ठेवलं, आम्हाला कुंकू लावलं, पदर खोचला आणि माझ्या कॅरियरला दोन्ही हातांनी ढकलत चढ संपेपर्यंत धावल्या.

"तोंड हाय वं तुले!" कमल मागून ओरडली. "दोन दिवस कुठी ठेवलं होतं?"

जठारपेठेत पोचलो तेव्हा दुकानदार नुकते दिव्यांच्या बटणांकडं हात नेत होते. माझे मालक टेम्पोचा फाळका पाडून, दोर घेऊन तयार होते. आम्हाला पाहून त्यांनी दोराचं भेंडोळं उगाच या हातातून त्या हातात केलं.

"आल्या?"

"आलो."

"मंग मी रिकामाच जाऊ काय?"

आम्ही पिशव्या सोडल्या. सायकली न्यायला आलेला टेम्पो नारळ, खण आणि पायलीभर गहू घेऊन परत गेला.

लोणार पाहून, परतीच्या वाटेवर वत्सलाबाईंकडं मुक्काम करून आम्ही घरी आलो. सरोवराचं शोभाताई सगळ्यांना सांगते, छान सांगते. मी वेगळंच घोळवत असते. नाही म्हटलं की माणूस तुटतं, या भीतीनं मी इतकी वर्षं घराघरांतून गप्प बसले, आणि माझं पहिलं नाही ज्या बाईनं ऐकलं, तिनंच मला पुढं ढकललं.