ऊन दाखवलेल्या प्लेटा

बाळांनो, तुमच्या मामीचा, म्हणजे माझ्या सुनेचा, सातिवलीचा गाळा तुम्ही फोनवर पाहिलाय, पण छपाईची प्लेट कशी बनते ते पाहिलेलं नाही. प्लेट म्हणजे तळहाताएवढा पत्रा, त्यावर प्लास्टिकसारखा पातळ थर. वर मजकुराची फिल्म ठेवायची आणि खास दिव्याखाली धरायची. प्रकाश लागतो तिथला थर कडक होतो. काळ्या अक्षरांखालचा मऊच राहतो आणि पाण्याने धुतला की निघून जातो. त्या खाचांत शाई भरते, सिलिकॉनचा मऊ गोळा ती उचलून वस्तूवर टेकवतो.

पूर्वी मामी प्लेटा मुंबईहून करून आणायची. त्यात चार दिवस जायचे आणि तेवढ्यात गिऱ्हाईकही जायचं. म्हणून तिने दिव्याची पेटी घेतली. फिल्मवरचा इंग्रजी मजकूर तपासायचं काम माझं.

पहिलं मोठं काम येऊ घातलं होतं: औषधाच्या बाटलीवरची मापाची टोपणं. औषध कारखान्याचे गृहस्थ पाच वाजता नमुना पाहायला येणार होते. पसंत पडला तर वर्षभर काम मिळणार होतं.

सकाळी मामी कारखान्याच्या कामणच्या गोदामातून नमुन्यासाठी थोडी टोपणं आणायला गेली. मी गाळा आवरला. काळ्या पाकिटातल्या कोऱ्या प्लेटा हाताला चिकट लागल्या. वाटलं, पावसाळी हवेने सर्दावल्या असतील. उघडीप होती, म्हणून रव्याला दाखवतो तसं मी त्यांना खिडकीत अर्धा तास ऊन दाखवलं आणि पुन्हा नीट पाकिटात लावून ठेवल्या.

दुपारी मामीने पहिली प्लेट धुतली. एक रेघ उमटली नाही. वेळ कमी-जास्त करून दुसरी, तिसरी केली. त्याही कोऱ्याच. दिवाच खराब निघाला म्हणत तिने त्या गृहस्थांना नकार कळवायला फोन हातात घेतला. इतकी हताश मी तिला कधी पाहिली नव्हती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“थांब, फोन करू नकोस. सकाळी मी प्लेटांना ऊन दाखवलंय.”

तिने फोन खाली ठेवला. “आई, कुरडया आहेत का त्या?”

मग मात्र हसत सुटली. उन्हाने सगळा थर आधीच कडक झाला होता; दिवा चांगला होता, तेवढंच तिला पुरे होतं. दुसऱ्या कामासाठी आणलेल्या मोठ्या प्लेटांचं पाकीट अजून फोडलेलं नव्हतं. खिडकीला काळा कागद लावून, थराला न बाधणाऱ्या पिवळ्या बल्बखाली तिने एक प्लेट मापाने कापली. दिव्याखालून काढली आणि धुवायला माझ्याच हातात दिली. कोमट पाणी, मऊ ब्रश. हळूहळू पाचची रेघ दिसली, मग दहाची.

गृहस्थ वेळेवर आले. छापलेल्या टोपणावर त्यांनी नख घासलं, मग सिरिंजने मोजून पाच मिली पाणी सोडलं. पाणी बरोबर रेघेला टेकलं. ते दारापाशी गेले आणि येताना टेम्पोतून आणलेली टोपणांची बाकीची पोती आत घ्यायला सांगितली.

मामीने ब्रश पुन्हा माझ्याकडे दिला. “आई, अजून एक प्लेट लागेल.”