विमानाची वाट

वडील गेले त्या उन्हाळ्यात थोरला भाऊ हवाई दलात होता, कार निकोबारला. तिसगावजवळच्या आमच्या गावात हे बेट कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, पण वडिलांनी ते सगळ्यांना माहीत करून दिलं होतं. रजेवर आलेला भाऊ एकदा बोलून गेला होता, की तिथून पोर्ट ब्लेअरला विमान तासाभरात पोचतं. झालं. "माझं पोरगं एका बेटावर जेवतं अन् दुसऱ्या बेटावर जाऊन चहा पितं," असं ते दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता सांगायचे. त्याच कामावर भर उन्हात ते कोसळले. घरी आणलं तेव्हा संपलं होतं.

भावाला तार केली. मग चुलते म्हणाले, "उद्यापातुर थांबू. बापाला थोरल्यानंच अग्नी द्यायचा."

मी घराण्यातला पहिला बीए. दोन्ही बेटांमधलं अंतर मी नकाशावर दोरा ठेवून मोजलं होतं. दोनशे मैलांच्या आतलंच. भाऊ खोटं बोलला नव्हता. पण ते विमान रोज सुटत नव्हतं. पोर्ट ब्लेअरनंतर समुद्र ओलांडून कलकत्ता, तिथून नगरपर्यंत रेल्वे आणि पुढं एसटी.

"तात्या, आठवडा लागंल त्याला," मी चुलत्यांना म्हणालो.

"ईमान हाय त्याच्यापाशी."

"ईमान सरकारचं हाय. त्याच्या दारात उभं न्हाई."

"बीए झाला म्हनून बापाला घाईनं जाळतो व्हय?"

ऊन लिंबाखालीसुद्धा सोसवत नव्हतं. प्यायलाच पाणी टँकरचं, बर्फ कुठून आणणार? संध्याकाळ झाली तसा वास सुटायला लागला. माशा वारायला बसलेली आई पदर नाकाला न लावता तशीच बसून होती. शेवटी तीच म्हणाली, "उचला त्यांला. धाकट्याच्या हातात मडकं द्या."

मी अग्नी दिला. चुलते माझ्या शेजारी उभे राहिले नाहीत.

भाऊ आला तो आठव्या दिवशी, गणवेशातच. तोवर अस्थी प्रवरेला सोडून झाल्या होत्या. पोर्ट ब्लेअरला त्याला कलकत्त्याच्या विमानात जागाच मिळाली नव्हती. मी त्याला मसणवट्यात नेलं. काळी पडलेली जागा बघून तो म्हणाला, "थांबायचं हुतं."

"थांबण्यासारखं न्हवतं दादा."

"तू लई शिकला."

त्यानंतर त्याचं पत्र यायचं ते आईच्या नावानं. वाचून मीच दाखवायचो. त्यात माझी चौकशी नसायची. मी बरोबर होतो, हे मी आजही सांगेन. दुसऱ्या कुणाला ते अंतर कळतसुद्धा नव्हतं.

आई गेली तेव्हा भाऊ नोकरी सोडून गावात आलेला होता. आईला अग्नी द्यायचा हक्क धाकट्याचा, आमच्याकडे तीच रीत. मडकं भरून ठेवलं होतं. भाऊ पुढं झाला, कुणाला न विचारता त्यानं ते खांद्यावर घेतलं. लोक माझ्याकडे बघायला लागले. मी मागं सरकलो आणि त्याला वाट दिली.